वाचकांचे प्रश्न : गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी सव्वा लाख किलोमीटर चालली आहे. सकाळी गाडी सुरू करून ड्राइव्ह किंवा रिव्हर्स टाकले की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग झटका बसून गिअर लागतो. गाडी तापली की हा त्रास थांबतो. शिवाय ताशी ६०-७० किलोमीटरच्या स्थिर वेगात, अ‍ॅक्सिलरेटर हलकाच दाबलेला असताना, गाडी थरथरते. गॅरेजमध्ये स्कॅनरवर पी ०७०० हा कोड आला आणि गिअरबॉक्सच बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. हे योग्य आहे का?

उत्तर : एवढ्या माहितीवर गिअरबॉक्स बदलणे घाईचे ठरेल. पी ०७०० हा कोड बिघाडाचे नाव सांगत नाही; गिअरबॉक्सच्या नियंत्रक संगणकात एखादा दोष नोंदला गेला आहे, एवढेच तो कळवतो. मूळ नोंद त्या संगणकातून वाचावी लागते आणि साधे स्कॅनर पुष्कळदा तिथपर्यंत पोहोचत नाहीत. तिथे पी ०७४१ आढळला, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच, म्हणजे स्थिर वेगात इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, नीट पकड घेत नाही असा अर्थ होतो, आणि पी ०७३० आढळला, तर आत येणारा व बाहेर पडणारा वेग यांचे प्रमाण गिअरशी जुळत नाही असा. त्यानंतरही दोष क्लचमध्ये आहे, सोलेनॉइडमध्ये (तेलाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या झडपेत) आहे, व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या वाटा व झडपा असलेल्या भागात) आहे की केवळ तेलात, हे शोधणे उरतेच.

तेलापासून सुरुवात करावी. पातळी सपाट जागेवर आणि उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला पाहायची असते. बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून पाहतात, काहींत बंद करून, त्यामुळे गाडीची पुस्तिका हाच आधार मानावा. अनेक नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते आणि गाडी लिफ्टवर घेऊन बाजूच्या प्लगमधून पातळी पाहावी लागते. तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहावा. नुसता तपकिरी रंग हे बहुधा वयाचे लक्षण असते, पण काळपट तेलाला जळका वास येत असेल, तर क्लचचे अस्तर झिजत आहे असे समजावे. गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या पॅनमधील चुंबकावर बारीक करडा गाळ सापडला तर घाबरू नये. धातूचे तुकडे सापडले, तर मात्र मेकॅनिकचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे.

गार असताना ड्राइव्ह आणि रिव्हर्स दोन्ही उशिरा लागत असतील, तर दोहोंना समान असलेल्या गोष्टींकडे, म्हणजे कमी तेल, तुंबलेला फिल्टर, पंप किंवा रात्रभरात टॉर्क कन्व्हर्टरमधून निथळून जाणारे तेल यांकडे, संशयाची दिशा वळते. केवळ रिव्हर्सलाच उशीर होत असता, तर रिव्हर्सच्या क्लचचे कडक झालेले सील आधी तपासावे लागले असते, कारण असे सील गार असताना दाब निसटू देतात आणि तापल्यावर थोडे मऊ होऊन बसतात. आपण दोन्हींचा उल्लेख केला आहे आणि माझ्या मते ही आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती आहे. तेल व फिल्टर ठीक निघाल्यास पुढची पायरी म्हणजे गेज लावून तेलाचा दाब मोजणे.

थरथरीचा तपास वेगळा करावा. मोकळ्या रस्त्यावर ती सुरू झाली की अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून दुसऱ्याला स्कॅनरवर नजर ठेवायला सांगावे आणि ब्रेकचे पेडल डाव्या पायाने, ब्रेकचे दिवे लागतील इतपतच, दाबावे. बहुतेक गाड्यांत त्यामुळे लॉक-अप सुटतो आणि इंजिनचे फेरे किंचित वाढतात. त्याच क्षणी थरथर थांबली, तर संशय लॉक-अप क्लचवर किंवा जुन्या तेलावर येतो आणि योग्य प्रतीचे नवे तेल भरून पाहणे रास्त ठरते. थरथर तशीच राहिली, तर स्पार्क प्लग, कॉइल आणि इंजिनचे माउंट तपासावेत. इंजिनच्या मिसफायरचे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचे) खापर गिअरबॉक्सवर फुटणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तेल मात्र पुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे. सीव्हीटीचे (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचे) तेल आणि साध्या ऑटोमॅटिकचे तेल एकमेकांच्या जागी चालत नाही.

ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबण्याची स्टॉल चाचणी घरी करू नये. जाणकारही ती पाच सेकंदांपेक्षा अधिक लांबवत नाहीत, कारण तेवढ्यातच तेल प्रचंड तापते.

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी सरळ रस्त्यावर व्यवस्थित चालते, पण लांब वळणावर किंवा चढावर इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी क्षणभर ओढच घेत नाही. क्लच गेला असेल का?

उत्तर : क्लच झिजला असता, तर सरळ रस्त्यावरही जोराने वेग घेताना तो घसरला असता. केवळ वळणावर व चढावर असे होते, त्याअर्थी पॅनमधील तेल एका बाजूला सरकून पंप हवा खेचत असण्याची शक्यता अधिक आहे. पातळी पाहावी आणि ती कमी असल्यास कूलरच्या नळ्या, पॅनचे गास्केट व अ‍ॅक्सलचे सील गळतीसाठी तपासावेत. अंदाजाने जास्त तेल ओतू नये. फिरत्या भागांमुळे त्याला फेस येतो आणि गिअर पुन्हा तसाच घसरू लागतो.