दंतशंका : दहा दात की एक?

या महिन्याच्या टपालातून सहा पत्रे निवडली आहेत. पत्रे लांबलचक असल्यामुळे प्रश्न संक्षेपाने दिले आहेत. तोंड न तपासता दिलेले उत्तर हे अंदाजाचेच असते, हे गृहीत धरून ही उत्तरे वाचावीत.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आले आहे. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्यामुळे तिचा वरचा समोरचा एक दात काळपट झाला आहे आणि त्याच्या शेजारी थोडी फट आहे. एका दवाखान्यात वरच्या दहा दातांना व्हेनिअर (दर्शनी कवच) बसवण्याचा सल्ला मिळाला असून दोन बैठकांत काम पूर्ण होईल असे सांगितले आहे. करून घ्यावे का? – एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात दुखणे एका दाताचे आहे आणि उपचार दहा दातांचा सुचवला आहे; त्यामुळे आधी त्या एका दाताबद्दल बोलू. दाताला जोराचा मार बसला की मुळाच्या टोकातून आत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, नस मरते, आणि रक्तातील घटक डेंटिन या आतल्या थरात झिरपून दात करडा किंवा काळपट दिसू लागतो. हा रंग आतून आलेला असल्यामुळे वरून कितीही घासले तरी तो जात नाही. असा दात वर्षानुवर्षे दुखतही नाही, परंतु त्याच्या मुळाशी जंतुसंसर्ग मुरत असू शकतो. म्हणून पहिले काम म्हणजे त्या दाताचा एक्स-रे आणि नस जिवंत आहे की नाही याची चाचणी. ती न करता त्यावर व्हेनिअर चिकटवणे म्हणजे ओल धरलेल्या भिंतीला रंग देणे होय.

नस मेलेली आढळली तर रूट कॅनाल करावे लागेल आणि त्यानंतर दात आतून उजळवता येतो. मुळातील भरावावर सिमेंटचा थर देऊन, दाताच्या पोकळीत सोडियम परबोरेटचा लेप ठेवून तात्पुरते सिमेंट भरतात. साधारण आठवड्याने तो लेप बदलतात. बहुधा दोन ते चार खेपांत दात शेजारच्या दातांच्या रंगाला येतो. पूर्ण आला नाहीच, तर त्या एकाच दातावर व्हेनिअर किंवा कॅप बसवण्याचा मार्ग मोकळा राहतो.

आता उरलेल्या नऊ दातांविषयी. व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटवलेले सिरॅमिकचे पातळ कवच. ते बसवण्यासाठी पुढचा इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा थर, बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास घासावा लागतो. इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण दात हिरडीबाहेर आल्यानंतर त्यात एकही जिवंत पेशी उरत नसल्यामुळे घासलेला इनॅमल पुन्हा तयार होत नाही. चांगले व्हेनिअर दहा-पंधरा वर्षे टिकते, म्हणजे आज विशीत असलेल्या मुलीला चाळिशीत आणि पुन्हा पन्नाशीत ते बदलावे लागणार, आणि तेही दहाच्या दहा. लग्नाच्या अल्बमसाठी निरोगी दातांवर हा आजन्म हप्ता लावण्याच्या मी विरोधात आहे. दात झिजलेले, तुटलेले किंवा जन्मतः आखूड व वेडेवाकडे घडलेले असतील, तर व्हेनिअर हा उत्तम उपचार आहे, याबद्दल दुमत नाही.

फट मात्र कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनने, जवळपास काहीही न घासता बुजवता येते. फॉस्फरिक आम्ल लावून इनॅमलवर सूक्ष्म खड्डे पाडले की रेझिन त्यात घट्ट धरते, हे अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत हे आम्ल वापरत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. आज दाताला काहीही चिकटवायचे झाले तरी पाया हाच असतो.

कामाचा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. आधी दातांची सफाई आणि रूट कॅनाल, मग आतून उजळवणे. सगळेच दात थोडे उजळ हवे असतील तर त्याच काळात दंतवैद्याने मापाने बनवून दिलेल्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून रात्री दोन ते तीन आठवडे लावावी. या दिवसांत दात शिवशिवतात, पण ते तात्पुरते असते. त्यानंतर किमान दोन आठवडे थांबून मगच फट बुजवावी, कारण ब्लीचिंगनंतर दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे रेझिन नीट चिकटत नाही, शिवाय रेझिनचा रंग नंतर ब्लीचिंगने बदलत नाही. हे सर्व सहा-सात आठवड्यांत बसते. फक्त पुढचा आठवडा वाया घालवू नका. आणि रंग निवडताना मुलीला सांगा की डोळ्याच्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे झाले, की पाहणाऱ्याला चेहऱ्याआधी दातच दिसतात.

प्रश्न : मशीनने दात साफ केल्यावर ते हलू लागतात आणि त्यांत फटी पडतात, असे आमच्याकडे सगळे म्हणतात. मी वीस वर्षे मशेरी लावते. हिरड्यांतून रक्त येते. सफाई करून घेऊ का? – एक गृहिणी, सातारा जिल्हा

उत्तर : अवश्य करून घ्या. दातांवर रोज साचणारा जंतूंचा चिकट थर लाळेतील क्षारांमुळे घट्ट होतो आणि त्याचे किटण बनते. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूस ते सर्वांत जास्त साचते, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडे तिथेच जिभेखाली उघडतात. किटणामुळे हिरडी सुजते आणि दुर्लक्ष झाले तर दाताभोवतीचे हाड हळूहळू झिजते. हाड झिजलेले दात कित्येकदा किटणाच्या भिंतीने एकमेकांना टेकून उभे असतात. ती भिंत काढली की त्यांचे हलणे आणि मधल्या फटी उघड होतात, आणि दोष मात्र सफाईवर येतो. मशीनचे टोक कंप पावते व त्याबरोबर पाण्याचा फवारा सुटतो. योग्य हातांत ते किटण उडवते, इनॅमल खरवडत नाही.

मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. तिची सवय लागते, हिरड्यांची हानी होते आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सफाईच्या वेळी गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांपेक्षा जुनी जखम आहे का, हे डॉक्टरांना मुद्दाम पाहायला सांगा. मशेरीच्या जागी कोळशाची काळी पावडर सुरू करू नका. तिने दात झिजतात, उजळ होत नाहीत.

प्रश्न : खालची दाढ रात्रभर ठणकते. गोळ्यांनी बरे वाटते आणि पुन्हा सुरू होते. रूट कॅनाल आणि कॅप मिळून खर्च बराच सांगतात. दाढ काढणे स्वस्त आहे. शिवाय रूट कॅनाल फार दुखते म्हणे. – एक रिक्षाचालक, ठाणे

उत्तर : आडवे झाल्यावर वाढणारा, आपोआप सुरू होणारा ठणका हे कीड नसेपर्यंत पोहोचल्याचे लक्षण आहे. कठीण भिंतींच्या आत सुजलेल्या नसेला फुगायला जागा नसते, म्हणून ती वेदना इतकी असह्य असते. वेदनाशामक गोळी ती काही तास दाबते. अँटिबायोटिकने तर सुजलेली नस बरी होतच नाही, त्यामुळे औषधाच्या दुकानातून परस्पर कोर्स आणून घेणे थांबवा.

दुखते ते रूट कॅनाल होण्याआधी. उपचार जागा बधिर करून होतो. खालच्या पहिल्या दाढेत सहसा तीन नळ्या असतात, कधीकधी चार. त्या बारीक फाइलींनी रुंद करून, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुऊन, गटापर्चा या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या पदार्थाने भरतात. एखादी नळी नजरेतून सुटली तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दुखणे परत येते, म्हणून शेवटचा एक्स-रे मागून घ्या आणि जपून ठेवा.

कॅपच्या खर्चाचे म्हणाल, तर दाढेवर चावण्याचा भार मोठा असतो आणि किडीने व उपचाराने पोखरलेल्या भिंती शेंगदाण्याच्या एका दाण्यानेही उभ्या चिरतात. अशी चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते आणि आधीचा सगळा खर्च पाण्यात जातो. दाढेची कॅप दिसत नसल्यामुळे ती सिरॅमिकचीच हवी असे नाही. साधी धातूची कॅप स्वस्त असते, तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो आणि ती दीर्घकाळ टिकते. दाढ काढणे आज स्वस्त आहे, पण नंतर तिथे दात बसवायचा ठरवलात तर हिशेब उलटतो. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी हे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात होतात. फेऱ्या जास्त पडतात, एवढीच अडचण आहे. तेवढाही वेळ नसेल आणि दाढ अगदीच पोखरलेली असेल, तर ती काढणे यात काही गुन्हा नाही.

प्रश्न : वडिलांचे वय ६६ असून त्यांना मधुमेह आहे आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. खालची एक दाढ काढली आहे. इम्प्लांट बसवावे की ब्रिज? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मधुमेह असणे आणि तो आटोक्यात नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलांची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी) साधारण ७ ते ८ टक्क्यांच्या आत असेल, ते विडी-सिगारेट ओढत नसतील आणि हिरड्या निरोगी असतील, तर वय आड येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी मात्र दंतवैद्याच्या किंवा स्वतःच्या मनाने बंद करू नका. दात काढण्यासारख्या कामात रक्त स्थानिक उपायांनी थांबवता येते, पण गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ती थांबवता येत नाही. निर्णय हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच व्हावा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांना काही गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असतील, तर तेही आधी सांगा.

इम्प्लांट हा टायटॅनियमचा स्क्रू असतो. स्वीडनमधील पर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायातील हाडाचा अभ्यास करत असताना, त्यात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाला असे जुळले की ते बाहेर निघेना. त्या अडचणीतून हा उपचार जन्मला आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात मिळाले. हाड स्क्रूला धरायला तीन ते सहा महिने लागतात, तोवर धीर धरावा लागतो. ‘तीन दिवसांत दात’ ही जाहिरात काही निवडक रुग्णांत शक्य असली, तरी मधुमेही माणसाने तिच्या मागे लागू नये.

ब्रिजसाठी दोन्ही बाजूंचे दात सगळीकडून घासून त्यांवर कॅप चढवतात. ते दोन दात आधीच रूट कॅनाल केलेले किंवा मोठ्या भरावाचे असतील तर ब्रिज हाच शहाणपणाचा पर्याय आहे. ते कोरे असतील तर एका गेलेल्या दातासाठी दोन चांगले दात खर्ची पडतात. खर्च झेपत नसेल तर काढता-घालता येणारी एका दाताची छोटी कवळीही चालते, जरी आजकाल ती कोणी फारशी सुचवत नाही. वर्षानुवर्षे काहीच न करणे हा मात्र तोट्याचा मार्ग आहे, कारण शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि समोरची वरची दाढ खाली उतरते.

प्रश्न : वय ३८ आहे. आता तारा लावता येतील का? – एक शिक्षिका, पणजी

उत्तर : येतील. दात सरकण्याला वयाची अट नाही, हिरड्या व हाड निरोगी असण्याची आहे. तारांऐवजी पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायची काढता-घालता येणारी खोळ, दिवसाचे सुमारे २२ तास घालण्याची शिस्त असेल तरच घ्या, आणि उपचार संपल्यावर दातांना जागेवर धरून ठेवणारा रिटेनर रात्री लावणे टाळू नका. दात जुन्या जागी परत जायला निमित्तच शोधत असतात.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या समोरच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, वर्गात मुले चिडवतात. आम्ही बोअरचे पाणी पितो. कोणती टूथपेस्ट वापरावी? धाकटा मुलगा दोन वर्षांचा आहे. – एक पालक, किनवट

उत्तर : नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, त्यामुळे हा फ्लोरोसिस असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याला कोणत्याही टूथपेस्टचा उपयोग नाही. दात हाडात घडत असतानाच इनॅमलमध्ये दोष राहून तो सच्छिद्र होतो; दात बाहेर आल्यावर त्या छिद्रांत रंग मुरतो. डाग वरवरचे असतील तर आम्ल व प्यूमिस या दगडाच्या भुकटीच्या लेपाने वरचा अगदी पातळ थर काढून ते फिके करता येतात. खोल असतील तर त्यांवर कॉम्पोझिटचा थर देता येतो. व्हेनिअरसाठी मात्र ती मोठी होईपर्यंत थांबा, कारण या वयात दातांतील नस मोठी असते आणि हिरड्यांची कड अजून खाली-वर होत असते.

पाण्याची तपासणी जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेतून करून घ्या. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली तुरटी व चुन्याची नलगोंडा पद्धत, आरओ यंत्र किंवा साठवलेले पावसाचे पाणी, यांपैकी जे जमेल ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरा. समोरच्या कायमच्या दातांचा इनॅमल पहिल्या काही वर्षांतच घडतो, त्यामुळे मुलीच्या डागांवरचा उपचार पुढच्या सुट्टीपर्यंत थांबला तरी चालेल. धाकट्याचे पाणी मात्र याच महिन्यात बदला.