सीटी नॉर्मल आला, मग इंजेक्शन कशाला दिलं?

या वेळी स्ट्रोकबद्दलची पत्रं इतकी आलीत की अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत. मी रेडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे उत्तरं फिल्मच्या बाजूनं येणार, चालवून घ्या.

प्रश्न: वडील 67 वर्षांचे. जेवताना तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना, बोलता येईना. तासाभरात हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टर म्हणाले सीटी नॉर्मल आहे, आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतोय, रक्तस्रावाचा धोका आहे, सही करा. सीटी नॉर्मल तर इंजेक्शन कशाला? आधी एमआरआय का नाही केला? भाऊ अजून म्हणतो त्यांनी घाई केली.

घाई केली हे खरंय आणि ती करायलाच पाहिजे होती, भावाला सांगा.

गंमत अशी की 'स्ट्रोक आहे का' हे त्या पहिल्या सीटीला कुणी विचारतच नाही. ते वडिलांच्या तोंडावरून, हातावरून, बोलण्यावरून कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला कळलेलं असतं. सीटीला विचारायचं असतं ते एवढंच की आत रक्त सांडलंय का. कारण रक्तवाहिनी बंद पडलेला पेशंट आणि रक्तवाहिनी फुटलेला पेशंट बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात, कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी नुसतं तपासून छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि दोघांची ट्रीटमेंट एकदम उलटी. एकाला जे औषध तारतं तेच दुसऱ्याचा जीव घेऊ शकतं. ताजं रक्त सीटीवर पांढरंशुभ्र दिसतं, अगदी पहिल्यापासून, ते सहसा चुकत नाही. तुमच्या वडिलांच्या सीटीत ते नव्हतं. म्हणजे त्या घडीला 'नॉर्मल' हेच हवं असलेलं उत्तर होतं!

मग बंद पडलेली जागा का दिसली नाही? कारण रक्त तुटल्यावर मेंदूच्या त्या भागात हळूहळू पाणी भरतं आणि तो भाग सीटीवर काळपट व्हायला तास लागतात. पहिल्या तासा-दोन तासांत फिल्म साफ असणं अगदी कॉमन आहे. अर्थात आम्ही शोधतो बरंच काही. स्क्रीनवरचा काळ्या-पांढऱ्याचा फरक मुद्दाम ताणून वाढवतो, डावी-उजवी बाजू शेजारी शेजारी बघतो, कानाच्या वर आत दुमडलेली जी पट्टी असते, इन्सुला, तिची कड पुसट झालीय का, खोलवरच्या राखाडी गाठींची बाह्यरेषा हरवलीय का, एखादी मोठी वाहिनीच पांढरी दिसतेय का, कारण ती पांढरी रेघ म्हणजे कधीकधी खुद्द गुठळीच असते. मग 10 पैकी मार्क देतो. 10 म्हणजे काहीच खराब नाही, मेंदूच्या मधल्या मोठ्या वाहिनीच्या हद्दीतले 10 ठरलेले भाग, त्यातला जो बिघडलेला दिसेल त्याचा एक मार्क कापायचा. याला ॲस्पेक्ट्स स्कोअर म्हणतात, 2000 सालापासून वापरात आहे. रिपोर्टवर हा शब्द दिसला तर घाबरू नका, जास्त मार्क म्हणजे चांगलंच.

एमआरआयचं म्हणणं बरोबर आहे, त्यातला डिफ्युजन नावाचा सिक्वेन्स, म्हणजे एमआरआयच्या फोटोंचा एक प्रकार, काही मिनिटांतच बंद पडलेला भाग लख्ख दाखवतो, सीटी त्याच्या पासंगाला पुरत नाही. पण पेशंटच्या अंगात पेसमेकर, क्लिप, धातू काही आहे का हे विचारायचं, आणि ज्याला बोलताच येत नाही त्याला विचारायचं कसं? शिवाय तो स्थिर पडून राहायला हवा. या सगळ्यात वेळ जातो, आणि मोठी वाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, जातात असा हिशेब 2006 मध्ये जेफ्री सेव्हर या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टनी मांडला होता. ज्या हॉस्पिटलात एमआरआय झटपट होतो तिथं तोच आधी करतात, त्यातही काही चूक नाही, पण त्यासाठी इंजेक्शन अडवून ठेवणं मला पटत नाही. हे औषध 3 तासांच्या आत उपयोगी पडतं हे 1995 मध्ये सिद्ध झालं, 2008 मध्ये ती मर्यादा 4.5 तासांपर्यंत गेली, पण त्या साडेचार तासांतही पहिला तास आणि शेवटचा तास सारखा नसतो. सहीच्या वेळी सांगितलेला धोका खराच असतो, काही पेशंटना रक्तस्राव होतो. सीटी आधी बघतात तो हाच धोका कमी करायला.

प्रश्न: आई रात्री 10 ला झोपली तेव्हा ठणठणीत. सकाळी 6 ला उठवायला गेले तर डावी बाजू हलत नव्हती. पहिल्या हॉस्पिटलात म्हणाले वेळ निघून गेली. दुसरीकडे एमआरआय काढला आणि इंजेक्शन दिलं. कुणाचं बरोबर?

घड्याळाच्या हिशेबानं पहिल्यांचं बरोबर. स्ट्रोकची वेळ लक्षणं दिसली तिथून मोजत नाहीत, पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून मोजतात, म्हणजे तुमच्या आईच्या बाबतीत रात्रीचे 10, आणि मग 8 तास उलटलेले. पण झटका 11 ला आला की पहाटे साडेपाचला, हे कुणाला माहीत?

एमआरआयला थोडंफार माहीत असतं. त्यात दोन सिक्वेन्स शेजारी ठेवून बघतात. डिफ्युजनवर इजा मिनिटांत उजळते. फ्लेअर नावाचा दुसरा सिक्वेन्स आहे, त्यावर तीच इजा दिसायला काही तास जातात. पहिल्यावर डाग आहे आणि दुसऱ्यावर अजून उमटलेला नाही, म्हणजे झटका बहुतेक साडेचार तासांच्या आतला. 2018 मध्ये वेक-अप नावाच्या ट्रायलनं नेमकं हेच तपासलं, 503 पेशंट होते, इंजेक्शन मिळालेल्यांपैकी 53 टक्के तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे होते, न मिळालेल्यांपैकी 42 टक्के. मेंदूतला रक्तस्राव मात्र इंजेक्शनवाल्यांत जास्त झाला, तेही लपवण्यात अर्थ नाही. तरी एकंदरीत फायद्याचं पारडं जड, आणि तेव्हापासून 'झोपेत झाला, आता काही करता येणार नाही' हे वाक्य जुनं झालं. पहिल्या हॉस्पिटलात एमआरआय नसेल तर त्यांना दोष देणार नाही, पण वेळ गेली म्हणून थांबण्याऐवजी लगेच पुढं पाठवायला हवं होतं.

आणि एक विचारते, आई रात्री मध्येच बाथरूमला उठली होती का? 4 वाजता ती स्वतः चालत गेलेली कुणी पाहिली असेल तर शेवटचं बरं असण्याची वेळ 10 नाही, 4. घरच्यांना ही गोष्ट इतकी किरकोळ वाटते की विचारल्याशिवाय कुणी सांगतच नाही आणि कॅज्युअल्टीतल्या गडबडीत विचारायचं राहून जातं.

प्रश्न: माझ्या नवऱ्याला झटका आल्यावर 2 तासांत नेलं, इंजेक्शन दिलं पण तार घालून गुठळी काढली नाही. त्यांच्याच ऑफिसातल्या एकांना 14 तासांनी नेलं तरी त्यांची काढली आणि ते आता चालतात. आमच्यावर अन्याय झाला का?

तुमची तळमळ कळते पण फिल्म न बघता अन्याय झाला असं मी म्हणणार नाही, कारण दोघांना स्ट्रोकच झाला तरी दोघांच्या डोक्यात आत जे घडलं ते वेगळं असणार.

पहिली गोष्ट, वाहिनी कुठली बंद आहे. शिरेतून डाय सोडून सीटी अँजिओ करतात, मानेपासून डोक्यापर्यंतच्या सगळ्या वाहिन्या दिसतात आणि कुठं तुटलंय ते कळतं. मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून घातलेली नळी मोठ्या वाहिन्यांपर्यंत नीट पोचते, पुढच्या बारीक फांद्यांत शिरणं अवघड आणि जोखमीचं. मध्यम आणि बारीक वाहिन्यांतली गुठळी काढून फायदा होतो का यावरच्या दोन ट्रायल्सचे निकाल 2025 मध्ये आले आणि दोन्हींत नुसत्या औषधापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तुमच्या मिस्टरांची गुठळी लांबच्या फांदीत असेल तर न काढणं हाच शहाणपणा होता. मोठ्या वाहिनीची गोष्ट एकदम निराळी, तिथं 2015 मध्ये एकापाठोपाठ पाच ट्रायल्स आल्या आणि या प्रोसिजरबद्दलची शंकाच मिटली.

दुसरी गोष्ट, वाचवण्यासारखं काय उरलंय. वाहिनी बंद झाली की मधला गाभा लवकर मरतो, पण त्याच्या भोवतीचा पट्टा कितीतरी वेळ अर्धपोटी तग धरून असतो, काम बंद पण जीव आहे. त्याला पेनम्ब्रा म्हणतात. आणि तो किती वेळ टिकेल ते माणसागणिक बदलतं, कारण हमरस्ता बंद पडला तरी गल्लीबोळांतून गाड्या पोचतातच, काहींच्या मेंदूत असे आडरस्ते भरपूर असतात आणि काहींच्या जवळजवळ नाहीतच. म्हणून एकाचा मेंदू 2 तासांत संपतो आणि दुसऱ्याचा 14 तासांनीही बराचसा शाबूत असतो.

हे बघायला परफ्युजन स्कॅन. डाय मेंदूतून जाताना भराभर फोटो घेतात आणि कॉम्प्युटर रंगीत नकाशा काढतो. रक्तप्रवाह नॉर्मलच्या 30 टक्क्यांखाली गेलेला भाग म्हणजे गाभा, आणि डाय पोचायला जिथं 6 सेकंदांपेक्षा जास्त उशीर दिसतो तो सगळा धोक्यातला भाग. दोन्हींतला फरक मोठा असेल तर उशिरा जाऊनही फायदा होतो. 2018 च्या डॉन ट्रायलमध्ये 6 ते 24 तासांतले, लक्षणं गंभीर पण गाभा त्यामानानं छोटा असे पेशंट निवडून घेतले, गुठळी काढलेल्यांपैकी 49 टक्के तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते, न काढलेल्यांपैकी 13 टक्के. स्ट्रोकमध्ये एवढा फरक क्वचितच बघायला मिळतो. त्याच वर्षीच्या डिफ्यूज 3 मध्ये, तिथं मर्यादा 16 तासांची होती, 45 विरुद्ध 17.

फक्त त्या रंगीत नकाशाला देव मानू नका, डॉक्टरांनीही मानू नये. पेशंट हलला, हृदयाचं पंपिंग कमी असलं, मानेतली वाहिनी जुनीच अरुंद असली की नकाशा खुशाल खोटं बोलतो. अगदी लवकर आलेल्या पेशंटमध्ये तर 'मेलेला' म्हणून रंगवलेला भाग वाहिनी उघडल्यावर जिवंत निघतो. आणि 2022 पासूनच्या ट्रायल्सनी आणखी एक समज मोडला, गाभा मोठा आहे म्हणून ज्यांना पूर्वी सरळ नाही म्हणायचे त्यांच्यातही काहींना फायदा होतो. जपानमधल्या ट्रायलमध्ये ॲस्पेक्ट्स 3 ते 5 असलेले पेशंट घेतले होते, निदान आधाराशिवाय चालण्याइतपत सुधारलेले 31 टक्के, गुठळी न काढलेल्यांत 13. म्हणजे चांगला निकालही बहुतेकांना मिळाला नाही, पण दुपटीहून जास्त लोकांना मिळाला. घरच्यांशी बोलताना हे दोन्ही सांगायला हवं.

तुम्ही एवढंच करा, सीटी अँजिओचा रिपोर्ट मागून घ्या आणि कुठली वाहिनी बंद होती ते वाचा. अर्धं उत्तर तिथंच मिळेल.

प्रश्न: इंजेक्शननंतर बाबा सुधारत होते तरी दुसऱ्या दिवशी परत सीटी. रेडिएशन कशाला वाढवायचं?

कारण 24 तासांनी आत रक्त नाही ना हे बघितल्याशिवाय ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी सुरू करत नाहीत. आतला छोटा रक्तस्राव बाहेरून कळेलच असं नाही. एका सीटीचं रेडिएशन या हिशेबात अगदी किरकोळ आहे.

प्रश्न: अचानक गरगरायला लागलं, चालताना तोल जात होता, एमआरआय नॉर्मल आला, तरी डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. एमआरआय चुकतो का?

चुकतो. मेंदूच्या मागच्या भागातला, ब्रेनस्टेममधला छोटा स्ट्रोक पहिल्या एक-दोन दिवसांत डिफ्युजनवरही निसटू शकतो. अशा वेळी डोळ्यांच्या हालचाली आणि चालणं नीट तपासणाऱ्या डॉक्टरवर मी माझ्या मशीनपेक्षा जास्त विश्वास ठेवते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा एमआरआय करा म्हणाले तर करा, बऱ्याचदा डाग तेव्हा दिसतो.

प्रश्न: डोकेदुखीसाठी एमआरआय केला आणि रिपोर्टमध्ये 'जुना लॅक्युनर इन्फार्क्ट' आलंय. मला झटका कधीच आला नाही!

आला असणार, पण कळला नाही. खोलवरची बारीक वाहिनी बंद होऊन छोटीशी खाच राहते, हातपाय चालवणाऱ्या वाटेवर नसेल तर पत्ताही लागत नाही. त्यावर इंजेक्शन नाही की तार नाही, पण बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांचा हिशेब आता गंभीरपणे बघा, कारण अशी खाच असलेल्यांना पुढं स्ट्रोक होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. रिपोर्ट घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा, डोकेदुखीचं कारण मात्र बहुधा दुसरंच निघेल.

प्रश्न: झटका आल्यासारखा वाटला तर हॉस्पिटलात पोचेपर्यंत घरीच ॲस्पिरिन द्यावी का? हार्ट अटॅकला देतात तशी?

नाही. सीटी होईपर्यंत गुठळी आहे की रक्तस्राव हे कुणालाच माहीत नसतं, आणि तोंड वाकडं झालेल्या माणसाला गिळताना ठसका लागून गोळी-पाणी छातीत जाऊ शकतं. तोंडातून काहीच देऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर त्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा, इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावरही ठरतं.