लवकर ये

प्रिय,

नाशिकच्या कॉलेज रोडवर बसून आपण दोन-चार माणसांनी बनवलेला एखादा छोटा कॉम्प्युटर गेम विकत घेतला काय, न घेतला काय, कुणाला फरक पडतो, असं तू विचारलंस. पडतो. पण तो कधी घेतलास, यावर.

तुमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. घड किती धरणार हे ऑक्टोबरात नाही, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीतच ठरतं. गेमचंही तेच. म्हणून लवकर ये.

स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान. त्याच्या नेक्स्ट फेस्टमध्ये अजून बाजारात न आलेल्या गेम्सचे डेमो फुकट मिळतात. एकच घे, तासभर खेळ. मग डेव्हलपरला 'मस्त आहे' लिहू नकोस, त्यातून त्याला काही दुरुस्त करता येत नाही. ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, रॅम, कुठल्या लेव्हलला काय दाबल्यावर अडकलं, परत तसंच केल्यावर परत अडकलं का, एवढं लिही. दोन माणसांच्या टीमकडे तुझ्यासारखा जुना लॅपटॉप बहुधा नसतोच. इथे तुझा शब्द चालतो. मोठ्या कंपनीत तो चालावा म्हणून हजारोंनी ओरडावं लागतं.

गेम आला की पहिल्या आठवड्यात घे, पूर्ण किमतीला, आणि रिव्ह्यू लिही. इथे मी हटत नाही. १० रिव्ह्यू झाल्याशिवाय स्टीमवर स्कोअर दिसत नाही, आणि बाहेरून मिळालेल्या कीवर, म्हणजे गेम चालू करायच्या कोडवर, घेतलेल्या कॉपीचा रिव्ह्यू त्यात धरत नाहीत. स्वस्त कीच्या साइट्सकडे तर फिरकूच नकोस. चोरीच्या कार्डावर घेतलेल्या कीचे पैसे बँक परत ओढते, खड्डा डेव्हलपरला पडतो. स्टीम विक्रीतून साधारण ३० टक्के कापतं, इच.आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात तो वाटा डेव्हलपर स्वतः ठरवतो. तरी पहिले १० रिव्ह्यू होईपर्यंत स्टीमवरच घे, तिथे गेम दिसणं जास्त मोलाचं. नाही आवडला तर १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. मग भीती कसली?

७५ टक्के सूट लागेपर्यंत थांबायचं आणि वर 'आपल्याकडे असे गेम का होत नाहीत' म्हणायचं, हे मला ऐकवत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या साइटवर, हाक दिली, ठरलेली रक्कम जमली नाही. २०२० मध्ये गेम आला तेव्हा कौतुकाला तोटा नव्हता. पैसे लागत होते ते तीन वर्षं आधी.

येत्या रविवारी एक डेमो उतरव. रिपोर्ट पाठवण्याआधी मला दाखव. डेव्हलपरचं उत्तर आलं नाही तरी पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे अपडेटमध्ये, केलेल्या दुरुस्त्यांची यादी वाच, तुझा बग तिथे सापडतो का बघ.