ज्या छायाचित्रांखाली नावे नाहीत

नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,

सेवा जोहार आणि अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची चित्रे मिळाली. इंग्रजी अमलातील गोंडवनाच्या इतिहासावर चित्रमालिका करण्याचे तू ठरवले आहेस, आणि ‘चित्रात आदिवासीपण दिसले पाहिजे’ असे आजूबाजूच्या अनेकांनी सुचवल्यामुळे तिच्यात हरणे, मोर आणि ठिपक्यारेघांनी भरलेली झाडे येऊ लागली आहेत, असे तू लिहितेस. तुझ्या रेषेत जोर आहे आणि विषयाची निवड मला मनापासून आवडली. तरीही इतिहासाकडे वळण्याआधी त्या ठिपक्यांविषयी बोलणे भाग आहे, कारण तू ज्या इतिहासाला जाब विचारू पाहतेस, तोच या आग्रहाच्या रूपाने तुझ्या कागदावर येऊन बसला आहे.

आज बाजारात ‘गोंड चित्र’ म्हणून जे ओळखले जाते, ते माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत घडले. दिंडोरी भागातील पाटणगडचे जनगढसिंह श्याम हे तरुण १९८० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळे भोपाळला आले. १९८२ मध्ये सुरू झालेल्या भारत भवनाच्या आश्रयाने कागद, कुंचला आणि तयार रंग त्यांच्या हाती लागले, आणि परधान गायक बाना हे तंतुवाद्य वाजवून ज्या देवांच्या नि राजांच्या कथा गात आले, त्या देवांना जनगढसिंहांनी कागदावर रूप दिले. पुढे त्यांच्या नात्यातील आणि गावातील चित्रकारांनी आपापली रेघ, आपापला ठिपका शोधला. तेव्हा जी शैली अनादि म्हणून विकली जाते, ती एका आधुनिक कलावंताच्या धाडसातून निघालेली आहे आणि तिचे मोठेपणही त्यातच आहे. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढत असताना, वयाची चाळिशी गाठण्याआधीच, परमुलखात त्यांचा अंत झाला. कलावंत आणि त्याच्याकडे होणारी मागणी यांचा विचार करताना मला ते नेहमी आठवतात.

तुझे गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले. तुझ्या घरच्या भिंतीवर अशी हरणे कधी नव्हती, हे तूच लिहिले आहेस. मग ती शैली उसनी घेऊन ‘हे माझे मूळ’ असे म्हणण्याचे तुला कारण नाही. जनगढसिंहांकडून घ्यायचेच असेल तर त्यांचे धाडस घे, ठिपके त्यांच्या वारसांकडे राहू देत. तुझ्याकडे आजीचे गोंदण आहे, मृतांच्या स्मरणार्थ गावाबाहेर उभे केलेले दगड आहेत, रेला नाचाची गाणी आहेत, लाकूड कोरणारे काका आहेत, आणि त्याचबरोबर वसतिगृह, एसटीचा प्रवास, जातपडताळणीची कागदपत्रे आणि मोबाइलही आहेत. हे सगळे मिळून तुझे आयुष्य होते. त्यातले कोणते अर्धे ‘खरे आदिवासी’ हे ठरवण्याचा अधिकार प्रदर्शन भरवणाऱ्यांना नाही.

आता इतिहासाविषयी. तू ‘इंग्रजांनी आमची संस्कृती नष्ट केली’ असे मोठे वाक्य चित्रित करायला निघाली आहेस. वाक्य खोटे नाही, पण त्यातून चित्र उभे राहत नाही, कारण त्याला हात घालता येईल अशी जागा नाही. वसाहतीची सत्ता बंदुकीइतकीच नोंदवहीतून चालली, आणि आपले सुदैव असे की त्या नोंदवह्यांपैकी बऱ्याचशा याच शहरात तयार झाल्या. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, आणि १८६३ मध्ये आपण ज्याला अजबबंगला म्हणतो ते मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. स्टीफन हिस्लॉप या नागपुरातील मिशनऱ्याने गोंडांविषयी जमवलेली टिपणे त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. गोंड ज्याला आपला आद्य गुरू मानतात, त्या लिंगोचे दीर्घ गीत त्यात आहे. ते परधानाच्या तोंडून उतरवून घेतलेले, पण मुखपृष्ठावर नावे आहेत ती मिशनऱ्याची आणि संपादक असलेल्या अधिकाऱ्याची. त्याच सुमारास, १८६६-६७ मध्ये, जबलपूरला मोठे प्रदर्शन भरले. तिथे आदिवासी समाजातील जिवंत माणसे तपासणीसाठी आणली गेली, आणि त्या तपासणीचा अहवाल १८६८ मध्ये नागपुरात छापला गेला. त्या अहवालाच्या शीर्षकातच माणसांना ‘नमुने’ म्हटलेले आहे. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंड निघाले, ज्यांचा आधार आजही सरकारी कामकाजात आणि वादविवादांत घेतला जातो.

त्यातला तिसरा खंड तू स्वतः पाहा. तो आता संगणकावरही वाचता येतो. त्यात काही गोंड स्त्रियांचे छायाचित्र आहे. पायांच्या मागच्या बाजूचे गोंदण दिसावे म्हणून त्यांना पाठमोरे उभे केले आहे. खालच्या ओळीत गोंदणाचा उल्लेख आहे, त्या बायांची नावे नाहीत. माझ्या मते तुझी चित्रमालिका इथून सुरू व्हायला हवी. त्या बाया वळून पाहतील तर त्यांना काय दिसेल? कॅमेरा धरणारा साहेब, शेजारी उभा असलेला पाटील की कोतवाल, आणि अंतर राखून पाहणारी त्यांची मुले. तुझ्या आजीच्या पोटऱ्यांवर तेच गोंदण असेल, तर त्याची एकेक रेघ कोणी, कोणत्या वयात, काय सांगून गोंदली, हे तू तिच्याकडून ऐकून लिहून घेऊ शकतेस, आणि ज्या पानावर एक शीर्षक होते तिथे एका बाईचे सगळे आयुष्य मांडू शकतेस. छापील पान पुसून टाकू नकोस. ते तसेच दिसत राहू दे आणि त्याच्यावरच तुझे उत्तर उमटू दे.

जगातील आदिवासी कलावंतांनी हे काम कसे केले, ते जाणून घेणे तुझ्या उपयोगाचे आहे. अमेरिकेतील लुइसेन्यो समाजाचे जेम्स लूना १९८७ मध्ये सॅन डिएगो येथील मानववंशविषयक संग्रहालयातील काचेच्या पेटीत स्वतःच जाऊन झोपले. शेजारी त्यांच्या अंगावरील व्रणांची माहिती देणाऱ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि दुसऱ्या पेट्यांत त्यांची पदवीची कागदपत्रे, छायाचित्रे, आवडीच्या गाण्यांच्या तबकड्या ठेवल्या होत्या. नामशेष झालेल्या लोकांच्या वस्तू पाहायला आलेल्या प्रेक्षकाला समोर श्वास घेणारा, शिकलेला, संगीत ऐकणारा माणूस दिसला. जबलपूरच्या प्रदर्शनाला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही.

ऑस्ट्रेलियाचे गॉर्डन बेनेट यांची रीत निराळी. कॅप्टन कुकने १७७० मध्ये पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावे केला, त्या प्रसंगाचे एक जुने खोदचित्र त्यांनी १९९१ मध्ये मोठ्या कॅनव्हासवर पुन्हा रंगवले, आणि त्यावर रंगाचे फटकारे व शिंतोडे असे पसरले की साहेबांची गर्दी त्यांत गढूळ झाली आणि तबक हाती धरून उभा असलेला काळा सेवक स्पष्ट दिसू लागला. ज्याच्याकडे मूळ चित्रात कोणी पाहत नव्हते, तोच चित्राचा विषय झाला. याच देशात १९८८ मध्ये गोऱ्यांच्या वसाहतीची दोनशे वर्षे साजरी होत असताना रामिंगिनिंग भागातील कलावंतांनी अस्थी ठेवण्याचे २०० पोकळ, रंगवलेले ओंडके उभे केले, दर वर्षासाठी एक. ते आता कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहेत आणि पाहणाऱ्याला त्यांच्यामधून चालत जावे लागते. त्यात रक्त नाही, सैनिक नाही, आक्रोश नाही, फक्त त्यांच्या समाजाची अंत्यविधीची पद्धत आहे. गावाबाहेरचे ते दगड तुझ्या डोळ्यांसमोर आहेत, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम दिले.

आणि दूर कशाला जायचे? पाटणगडचेच भज्जू श्याम लंडनमधील एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले, आणि परतल्यावर २००४ मध्ये त्यांचे लंडनविषयीचे सचित्र पुस्तक निघाले. त्यात बिग बेनचे घड्याळ आणि कोंबडा एक झाले आहेत, कारण दोघेही वेळ सांगतात, आणि ठरल्या वाटेने इमानाने नेणारी बस कुत्र्याच्या रूपात आली आहे. नागपूरहून उत्तरेला निघाले की लागणाऱ्या सिवनीच्या टेकड्यांवर किपलिंगने १८९४ मध्ये आपले जंगल रचले. पेंचला जाणाऱ्या पर्यटकाला अजूनही तेच जंगल दाखवले जाते. भज्जूंनी पुस्तकाच्या नावात लंडनलाच जंगल म्हटले आणि नोंद करणाऱ्याच्या जागी स्वतः जाऊन बसले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११ च्या पुस्तकात बाबासाहेबांचे चरित्र चितारताना माणसांना चौकटींत कोंडायचे नाकारले, घराच्या भिंती-अंगणावरील डिगण्याच्या नक्षीने पाने विभागली, आणि विषारी बोलणाऱ्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी दिली. दीक्षाभूमीच्या गावात राहून तू हे पुस्तक अजून पाहिले नसशील तर या आठवड्यात पाहा.

एक गोष्ट मी स्पष्टपणे सांगतो, कारण ती आपल्या मराठी माणसांना ऐकायला जड जाते. सगळा दोष इंग्रजांवर टाकून चित्र पुरे करू नकोस. हे शहर देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शहा यांनी १७०२ च्या सुमारास वसवले, आणि इंग्रजांच्या कितीतरी आधी सत्ता त्यांच्या वंशजांकडून भोसल्यांकडे गेली. इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या ज्या बाबूराव शेडमाक्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, फाशी दिले गेले, त्यांचे नाव शहरातल्या शाळांत किती मुलांना ठाऊक असते? १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झाले, आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके ते तसेच राहिले. तुझ्याच तालुक्यातील मेंढा या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला आणि २००९ साल उजाडावे लागले. वनखात्याच्या नकाशावरची राखीव जंगलाची रेघ आणि तुझ्या गावाने आपली मानलेली सीमा एकाच कागदावर काढलीस, तर वसाहत कधी संपली हा प्रश्न प्रेक्षक स्वतःच विचारील.

दुसरी काळजी दाखवण्या-न दाखवण्याची. वसाहतीच्या अभ्यासकांना सगळे पाहायचे होते आणि सगळे छापायचे होते. तू तसे करायला बांधील नाहीस. ऑस्ट्रेलियातील पापुन्या येथे १९७१ मध्ये वडीलधाऱ्यांनी फळ्यांवर चित्रे काढायला सुरुवात केली, तेव्हा गुप्त विधींच्या खुणा बाहेरच्यांपुढे आल्याबद्दल त्यांच्याच लोकांनी आक्षेप घेतला, आणि पुढे त्या खुणा गाळल्या गेल्या किंवा ठिपक्यांच्या थरांखाली झाकल्या गेल्या. पेनठाण्यातील, म्हणजे देवस्थानातील, कोणती गोष्ट कागदावर यावी आणि कोणती येऊ नये, हे मी सांगू शकत नाही आणि महाविद्यालयही सांगू शकत नाही. गावातील भूमक म्हणजे पुजारी आणि जाणत्या बाया यांना विचार, आणि ते नको म्हणाले तर ती जागा कोरी सोड. कोरी जागा हाही चित्राचा भाग असतो.

लिंगोचे गीत वापरणार असशील तर हिस्लॉपच्या प्रतीवर थांबू नकोस. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या यात्रेला जा, तिथे ती कथा आजही गायली जाते. आपल्या नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि कोयापुनेम हा गोंडांचा धर्म यांवर आयुष्यभर लिहिले आणि बाहेरच्यांनी लावलेल्या अर्थांना समाजाच्या आतून उत्तर दिले. त्यांचे लेखन वाच आणि पटले नाही तिथे त्यांच्याशीही वाद घाल. समाजाच्या आत मतभेद आहेत हे चित्रात दिसले तर तुझी मालिका खरी वाटेल. एकमुखी, निष्कलंक आदिवासी ही प्रतिमाही बाहेरूनच आलेली आहे.

कामाच्या क्रमाविषयी एवढेच सांगतो. आधी तो तिसरा खंड आणि अजबबंगल्यातील आदिवासी दालन पाहा, आणि तिथल्या चिठ्ठ्यांवर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, याची वहीत नोंद कर. नंतर गावी जाऊन आजीजवळ बस. रंगांचा विचार त्यानंतर. चित्रांखालची माहिती गोंडी आणि मराठी दोन्हींत लिही, आणि जिने जे सांगितले तिचे नाव तिच्या संमतीने त्याखाली घाल. मालिका नागपुरात लावण्याआधी गावात, ग्रामसभेच्या दिवशी, भिंतीला टेकवून दाखव आणि लोक जे बोलतील ते ऐकून जे बदलावे लागेल ते बदल. चित्रे विकली गेली तर ज्यांच्या गोष्टींवर ती उभी आहेत त्यांचा वाटा किती, हे विक्रीच्या आधीच ठरवून कागदावर लिहून ठेव. दिवाळीच्या सुटीनंतर पहिली कच्ची रेखाटने घेऊन ये, आपण ती टेबलावर पसरून एकेक पाहू.

कळावे,
तुझा
शिक्षक