अर्पण कमी आलं, आता कात्री कुठं लावायची?

जय ख्रिस्त. या महिन्यातली पत्रं निम्म्याहून जास्त पैशाचीच आहेत. त्यात नवल नाही, सप्टेंबर २०२५ च्या पावसानं किती जणांचं सोयाबीन वावरातच सडलं, जे हाती लागलं त्याला हमीभाव क्विंटलला ५३२८ असून बाजारात तेवढा कुठं मिळाला, मग रविवारची अर्पणाची पिशवी हलकी होणारच. मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, बरीच वर्षं खजिनदार होतो, तेव्हा जे केलं आणि जे चुकलं त्यावरून सांगतो.

प्रश्न: आमची साठ-पासष्ट घरांची मंडळी, बहुतेक शेती नाहीतर मजुरी. अर्पण निम्म्यावर आलंय, पाळकसाहेबांचा दोन महिन्यांचा पगार राहिलाय. कमिटीचं म्हणणं, मार्चपर्यंत पाळकांना आणि चर्चच्या शिपायाला अर्धाच पगार द्यायचा. सही मला करायचीये आणि मन तयार होईना. काय करू? (एक खजिनदार, परतूरकडचे)

उत्तर: दादा, सही थांबवा. २०१६ चा उन्हाळा आठवा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं ते साल. आमचंही अर्पण आटलं आणि आम्ही सगळ्यात सोपं होतं ते केलं, शिपायाचा पगार अर्धा केला. तो काही बोलला नाही. दोन महिन्यांनी शनिवारी संध्याकाळी माझ्या दारात आला, दाराची, वेस्ट्रीची म्हणजे पाळकांच्या खोलीची आणि कपाटाची चावी सुतळीत ओवलेली, ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, लेकरांना घेऊन पुण्याला चाललो, साईटवर काम मिळालंय. नंतर मी वर्षाची व्हाउचरं काढून बसलो तर मंडप, साऊंडवाला आणि उशिरा भरलेल्या लाईट बिलांचा दंड, एवढ्यात त्याचा कापलेला पगार पुरा बसत होता. ते मला आजही टोचतं, म्हणून आधी व्हाउचरं काढा आणि मग पगाराचं बोला.

एक मोठा कागद घ्या आणि बारा महिने वेगवेगळे लिहा. आपल्याकडं सोयाबीन-कापूस विकला की दिवाळी ते संक्रांत पिशवी भरते, आणि जून ते सप्टेंबर, पेरणी आणि शाळेच्या फिया एकदमच, तेव्हा ती रिकामी असते. आम्ही वर्षाचं बजेट एका आकड्यात लिहायचो आणि नाताळात हात सैल सोडायचो, मग जुलैत पाळकांपुढं मान खाली. महिन्यावार लिहिलं की नाताळच्या पैशातून जुलैचा पगार बाजूला काढायचं आपोआप सुचतं. बायबलातल्या योसेफानं मिसरात हेच केलं ना, सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवला.

खर्चात रंगकाम, नवीन साऊंड सिस्टीम, छापील पत्रिका, पाहुण्यांच्या शाली हे सरळ थांबवा. शिपायाचा पगार आधी आणि पूर्ण द्या, सगळ्यात कमी त्यालाच आहे. पाळकांचा उशिरा होणार असेल तर त्यांना कमिटीत बसवून, त्यांच्या घरची निकड ऐकून ठरवा आणि बाकी कोणत्या तारखेला देणार ते मिनिट बुकात लिहा. त्यांच्या पाठीमागं पगार कापायचा ठराव करायचा आणि रविवारी त्यांच्याच हातून प्रभुभोजन घ्यायचं, हे मला पटत नाही. आणि गरीब फंडाला हात लावू नका. ज्या नावानं लोकांनी पैसा दिला त्याच कामाला तो लागला पाहिजे, उसने म्हणून घेतलेले परत जात नाहीत हे मी बघितलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा कागद कमिटीच्या फाईलीत ठेवू नका, मंडळीपुढं वाचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की पाच मिनिटं, एवढं आलं, एवढं गेलं, एवढं देणं राहिलं. आम्ही सुरू केलं तेव्हा दोन महिने सगळे गप्प, तिसऱ्या महिन्यात मागच्या बाकावरचा एक वायरमन पोरगा उठला आणि म्हणाला, वायरिंगच्या दुरुस्तीचे आठ हजार लिहिलेत ते खोडा, सामान आणा, मजुरी मी घेत नाही. त्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं कारण आधी कोणी सांगितलंच नव्हतं! पैसा नसतो तेव्हा लोक हिशोब जास्त बघतात, आणि हिशोब दिसला की ज्याच्याकडं जे आहे ते तो आणतो, कोणी ज्वारी आणतो, कोणी कोंबडी, मग आभाराच्या सणाला त्याचा लिलाव करा आणि तेही वहीत लिहा.

प्रश्न: तरुण पोरं आता अर्पण फोन पे नं देतात पण क्यूआर कोड सेक्रेटरींच्या स्वतःच्या खात्याचा आहे. माणूस चांगला आहे, बोलायचं कसं? (एक ताई, लातूर)

उत्तर: ताई, माणूस चांगला आहे म्हणूनच बोला, उद्या कोणी बोट दाखवलं तर त्या चांगल्या माणसाकडं उत्तर नसेल. चर्चच्या ट्रस्टच्या बँक खात्याचाच क्यूआर कोड घ्या आणि जुना कोड त्याच दिवशी भिंतीवरून काढा. रोख पैसे दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची, सोमवारी बँकेत. ही पद्धत काही आजची नाही, बायबलात दुसरे राजे १२ मधे योवाश राजाच्या काळात मंदिरातली पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजायचे. पौलानंसुद्धा वर्गणी पोचवायला एकट्याला पाठवलं नाही, करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८ वाचून बघा, सेक्रेटरींना पण दाखवा, वाईट वाटणार नाही.

प्रश्न: चर्चची रोडलगतची जागा एकजण तीस वर्षांच्या भाड्यानं मागतोय, मोठी रक्कम आगाऊ देतो म्हणतो. त्यातून देणी फिटतील आणि उरलेले एका मल्टीस्टेट पतसंस्थेत ठेवले तर व्याज चांगलं येईल असं काहींचं मत आहे. (कमिटी मेंबर, बीड जिल्हा)

उत्तर: दोन्हीला माझं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५०, त्याच्या कलम ३६ प्रमाणं ट्रस्टची जागा विकायला, किंवा इमारत आणि बिनशेती जागा तीन वर्षांच्या वर आणि शेतजमीन दहा वर्षांच्या वर भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. कर्ज काढायलाही लागते. आधी सातबारा किंवा पीआर कार्ड काढून जागा कोणाच्या नावावर आहे ते बघा, कित्येक ठिकाणी ती गावच्या मंडळीच्या नावावर नसतेच, वरच्या प्रॉपर्टी ट्रस्टच्या नावावर असते, मग तुमच्या कमिटीची सही काय कामाची. आणि एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हापासून मराठवाड्यात मंडळ्यांच्या जागा उभ्या आहेत, त्या दोन हंगामांच्या तंगीपायी द्यायच्या का?

मल्टीस्टेटचं तर बीडच्या माणसाला मी काय सांगू, तुमच्या शेजारीपाजारीच कितीजणांच्या ठेवी अडकल्यात, लेकीच्या लग्नाचे, म्हातारपणाचे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. शिवाय ट्रस्टचा पैसा कुठं ठेवायचा ते कलम ३५ मधे दिलेलंच आहे, शेड्यूल्ड बँक किंवा पोस्टात ठेवा, व्याज कमी आलं तर येऊ द्या.

प्रश्न: वर्गणी थकलेल्यांची नावं उपासनेत वाचली. त्यानंतर एक कुटुंब यायचं बंद झालं. त्यांच्यावर सावकाराचं कर्ज आहे असं नंतर कळलं. आता काय? (नाव नको, परभणी)

उत्तर: नावं वाचणं आधी बंद करा. आकडे सगळे वाचा, नाव एकही नको. मंदिरातल्या पेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा प्रभूला दिसली होती, आपल्याला मात्र थकबाकीची यादी दिसते.

मग त्यांच्या घरी जा, पाळकसाहेब आणि महिला मंडळातली एक बाई, दोघंच, संध्याकाळी. चुकलं म्हणा. वर्गणी माफ झाल्याचा ठराव आधीच करून जा म्हणजे तिथं बसून घासाघीस होणार नाही. गरीब फंडात काही असेल तर सोबत न्या, नसेल तर महिला मंडळानं घराघरातून मूठ-मूठ धान्य काढावं, मिझोरामच्या ख्रिस्ती बाया शंभरावर वर्षं रोजच्या स्वयंपाकातून तांदळाची मूठ बाजूला काढतात आणि त्यावर तिथल्या मंडळ्यांची कामं चालतात, आपण ज्वारीची काढू. आणि पावती पुस्तक घरीच ठेवून जा.