आय-लीग जिंकली की आयएसएलमध्ये, मग आयएसएलमधून खाली कोण येतं?

ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न वाचला, की फुटबॉलची आय-लीग जिंकणारी टीम आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या सगळ्यात वरच्या लीगमध्ये जाते तर तिथली शेवटची टीम खाली का येत नाही. पोराने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. 2024-25 पर्यंत तरी जिना वर जायला बांधलेला होता, उतरायला नाही, एवढंच.

आय-लीग 2007-08 ला सुरू झाली तेव्हा देशातली एक नंबरची लीग तीच होती, मग 2014 ला आयएसएल आली, काही वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालल्या आणि 2022-23 पासून आय-लीग रीतसर दुसऱ्या पायरीवर गेली. त्या पहिल्याच वर्षी पंजाबची टीम जिंकून वर गेली, पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग, कोलकात्याचा 1891 चा क्लब. आता गंमत बघा, मोहम्मेडन 2024-25 ला आयएसएलमध्ये तेरा टीममध्ये तेरावी आली, पण खाली काही आली नाही. दुसरीकडे मुंबईची केंकरे 2022-23 ला आय-लीगमध्ये तळाशी राहिली तर सुदेवा दिल्लीबरोबर सरळ तिसऱ्या पायरीवर. म्हणजे पडायची भीती खालच्यालाच होती, वरचा निवांत. मला तरी हे पटत नाही.

आणि वर जायची जागा एकच असल्याने भांडण पण तेवढंच मोठं. 2024-25 ला मॅचेस एप्रिलमध्ये संपल्या, टेबलवर चर्चिल ब्रदर्सचे 40 पॉइंट, इंटर काशीचे 39, पण नामधारी या टीमने काशीविरुद्धच्या मॅचमध्ये नियमात न बसणारा प्लेयर खेळवला होता, म्हणून त्या मॅचचे पॉइंट काशीला द्यायचे का याची केस चालू, ती थेट स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेली आणि जुलैमध्ये निकाल आला की चॅम्पियन काशी. त्या सीझनला 22 मॅचेस होत्या हो, त्यात एका मॅचचे तीन पॉइंट म्हणजे काय ते समजून घ्या.

आपल्याकडचं विचाराल तर गोल्फ क्लब मैदानावर रणजीची मॅच असली की सगळं नाशिक बोलतं, फुटबॉल म्हटलं की लोक कोल्हापूरकडे बोट दाखवून मोकळे. मी 2012-13 ला एसटी पकडून बालेवाडीला पुणे एफसीची मॅच बघायला जायचो, रात्री परत यायला काय हाल व्हायचे ते विचारू नका, पण त्या वर्षी पुणे आय-लीगमध्ये दुसरे आले. 2015 ला क्लबच बंद. 2017 ला मुंबई एफसी शेवटची आली, मग तीही गेली. आणि त्याच सीझनला चॅम्पियन कोण, तर मिझोरमची आयझॉल, जी आदल्या वर्षी खाली गेली होती आणि गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतली होती. तिचा कोच खालिद जमील, आधी अनेक वर्षं मुंबई एफसीचाच, आणि 2025 ला भारताचा कोच झाला.

त्यामुळे मुलाला म्हणावं नुसतं वरचं नाव बघू नकोस. शेवटच्या चार-पाच राउंडला टेबल कागदावर उतरव, तळाच्या दोन टीमची एकमेकांशी मॅच कधी आहे ते शोध आणि ती बघ, चॅम्पियनच्या मॅचपेक्षा जास्त घाम तिथे निघतो.