रोमला जातोयस ना, मग एक जागा दोनदा बघ

अरे,

तुझी एक्सेल शीट काल रात्री उघडली आणि आज सकाळी परत उघडली, म्हटलं रात्री डोळ्यावर झोप होती, वाचण्यात काहीतरी चूक झाली असेल. चूक नव्हती. ५ दिवस, ३४ जागा, त्यातच एक दिवस फ्लॉरेन्स आणि एक दिवस व्हेनिस, दोन्ही सकाळी जाऊन रात्री परत. आणि खाली तू लाल अक्षरात लिहिलंयस, "मावशी, काहीतरी राहून जातंय असं वाटतंय, अजून काय ॲड करू?"

काहीही ॲड करू नकोस. स्वतःच्या पगारातून साठवलेल्या पैशांनी आईबाबांना घेऊन चाललायस, त्याचं कौतुक मी इथे करत बसत नाही, ते मनात आहे. पण म्हणूनच ही शीट बघून जीव कासावीस झाला. माझं एकच सांगणं आहे आणि ते मी या पत्रात चारदा सांगणार आहे, कंटाळलास तरी वाच. एक जागा दोनदा बघायची. नवीन जागा कमी करायच्या आणि जी आवडेल तिथे परत जायचं, वेगळ्या वेळी, घाई नसताना.

हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. २००८ साली मी आईला घेऊन ग्रुप टूरने युरोपला गेले होते, रोमच्या वाट्याला दीड दिवस आणि पँथिऑनला, म्हणजे तिथल्या जुन्या रोमन देवळाला, वीस मिनिटं. तेव्हा तिथे तिकीट नव्हतं, आता २०२३ च्या जुलैपासून लागतं, ते आधी बुक कर. आत गेलो, आईने मान वर केली आणि ती तशीच उभी राहिली. डोक्यावर ४३ मीटर व्यासाचा घुमट, जमिनीपासूनची उंचीही तेवढीच, जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी हेड्रियन बादशहाच्या काळात बांधलेला, आत लोखंडाची एक सळई नाही. आणि माथ्यावर मधोमध भलंमोठं गोल भोक, उघडं, काच नाही काही नाही. आई म्हणाली, "अगं, पाऊस आला की पाणी कुठे जातं?" आमच्या वाड्याला चौक होता, म्हणून तिला हे सुचलं. आणि मी काय म्हणाले? "चल आई, झेंडा पुढे गेला, गाईडला विचारू नंतर." नंतर कोण विचारतंय! बसमध्ये ती झोपली, संध्याकाळी आम्ही कुठल्यातरी लेदरच्या दुकानात होतो. चार वर्षांनी ती गेली.

२०१७ ला मी एकटी परत गेले, ऑक्टोबरमध्ये, सहा दिवस फक्त रोम. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला तशी मी हॉटेलवरून उठून पँथिऑनला पळाले. पाऊस सरळ आत पडत होता, मधल्या जागेभोवती त्यांनी दोरी लावलेली, आणि फरशीकडे नीट बघितलं तर ती मधे किंचित फुगीर आहे आणि तिच्यात बारीक बारीक भोकं आहेत, पाणी त्यातून खाली गटारात जातं. एवढंच उत्तर होतं. पाच मिनिटं थांबले असते तर आईलाही दिसली असती ती भोकं, त्याला पाऊस लागत नाही. मी तिथे बाकावर तासभर बसले होते.

त्या सहा दिवसात मी व्हॅटिकन म्युझियमला गेले नाही. त्यातलं सिस्टिन चॅपल बघितलं नाही म्हणून माझा भाऊ अजून बोलतो, दोन लाख खर्च करून गेलीस आणि तेच राहिलं. राहिलं तर राहिलं. २००८ ला बघितलं होतं की, माणसांच्या डोक्यांवरून, आठवतंय काय तर पुढच्या बाईची पिवळी टोपी. ते 'बघितलं' यादीत मोजायचं आणि पँथिऑनमधला तो तास वाया गेला म्हणायचं, हा हिशोब मला मान्य नाही, आधीही नव्हता. असो, हे तुला सांगून उपयोग नाही, तू आईबाबांना व्हॅटिकन म्युझियमला ने, फक्त रविवारी नको, तेव्हा बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि फुकट, म्हणजे गर्दी विचारू नकोस. तिथल्याच सेंट पीटर चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आईची साडी किंवा पंजाबी ड्रेस चालेल, तू हाफ पँट घालू नकोस.

दोनदा बघणं महागही पडत नाही, हे तुझ्या शीटमध्ये कुठेच नाही म्हणून सांगते. कलोसियमचं तिकीट काढशील त्यातच फोरम, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि शेजारची पॅलेटाइन टेकडी येते. फोरममध्ये सकाळी उन्हाच्या आधी फिरून घ्या, मग संध्याकाळी कॅपिटोलिन टेकडीवर मायकेलअँजेलोने आखलेल्या चौकाच्या मागच्या बाजूला जा, तिथून तोच अख्खा फोरम खाली दिसतो, एक पैसा लागत नाही. सकाळी ज्या खांबांमधून चाललो ते बाबांना वरून ओळखता येतील, आणि बाबांना असं ओळखायला आवडतं, मला माहितीये.

पँथिऑनपासून चालत पाच मिनिटांवर सान लुइजी देई फ्रान्चेझी नावाचं चर्च आहे, तुझ्या ३४ मध्ये ते नाही! कॅराव्हॅजिओ या जुन्या इटालियन चित्रकाराची तीन मोठी चित्रं आहेत तिथे, प्रवेश फुकट, दुपारी मधे बंद असतं. मी गेले तेव्हा पेटीत नाणं टाकलं की दिवा लागायचा आणि थोड्या वेळाने पट्कन अंधार. डावीकडच्या चित्रात टेबलाभोवती माणसं बसलीयत आणि उजवीकडून येशू हात करून मॅथ्यूला, म्हणजे पुढे त्याचा शिष्य झालेल्या कर वसूल करणाऱ्या माणसाला, बोलावतोय. पहिल्या दिवशी मला तो हात आणि तो उजेड दिसला. तिसऱ्या दिवशी परत गेले तेव्हा टेबलाच्या टोकाचा पोरगा दिसला, मान खाली घालून पैसे मोजतोय, त्याने वर बघितलेलंच नाही. पहिल्या वेळी तो मला दिसलाच नव्हता, चित्र तेच, मी तीच. म्हणून म्हणते, एक जागा दोनदा.

बाकी गोष्टी भराभर सांगते. बाबांना नवीन बूट घेणार असशील तर आत्ताच घे आणि महिनाभर इथे घालू दे, रोमचे रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे आहेत, गुडघ्याला लागतात. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात, पाणी गार आणि पिण्याचं, तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, आईला करून दाखव. दुपारी दोन तास खोलीवर, ही झोप शीटमध्ये लिहून टाक नाहीतर तू ती खाऊन टाकशील.

फ्लॉरेन्सला फास्ट ट्रेनने दीड तास लागतो, तरी माझ्या मते नको, पण तुझा फारच जीव असेल तर वाद घालत नाही. व्हेनिस मात्र एका बाजूला चार तास, म्हणजे आईबाबा आठ तास गाडीत बसणार आणि हे तू त्यांना आनंद म्हणून देतोयस! ती तिकिटं रिफंडेबल आहेत म्हणालास ना, मग आजच कॅन्सल कर आणि त्या दिवसापुढे काही लिहू नकोस. सकाळी उठल्यावर आईला विचार, परत कुठे जायचंय.

मावशी

ता.क. शीट परत पाठव, पण १२ च्या वर जागा असतील तर मी उघडणार नाही.